सूर्याच्या दिवशी छत्री

टोर्वी पोहायच्या तलावाकाठच्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसला होता. वरून बर्फाळ पाऊस पडत होता, आणि कुंडाच्या कडेला बाकावर एक बाई कोट-मफलर घालून बसली होती. पोहायच्या तलावावर कोणी पोहायला येतं, कोणी गप्पा मारायला. पण कोरड्या कपड्यांत, नुसती वाफ बघत कोणी बसत नाही.

म्हातारी लोवा त्याच्या शेजारीच कुंडात होती. ती म्हणाली, "स्वावा, दुधाच्या पातेल्याजवळ मांजर बसावं तशी बसलीयस. ये की आत."

"डॉक्टरांनी पाणी बंद केलंय."

मग लोवानेच टोर्वीला सांगितलं, की ही शाळेची नवी पोहण्याची शिक्षिका. मूळची इथलीच, उन्हाळ्यात दक्षिणेकडून परत आलेली. पोहायला शिकवणारी आणि पाण्याबाहेर! टोर्वीचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. गुडघ्याखाली जाड पट्टी होती. काय झालं, त्याने विचारलं.

"जखम आहे. तिच्यावर मासा लावलाय."

"कुठला?"

"कॉड. नुसती कातडी. खवले काढून, साफ करून, सुकवून येते. जखमेवर ठेवली की हळूहळू जिरते, आणि तिच्या आधाराने आपली कातडी वाढते."

"आपल्याच समुद्रातला?"

"असं म्हणतात."

"मग माझाच असणार." टोर्वी मासेमारीच्या बोटीवर होता. "म्हणजे मी पकडलेला मासा तू पायावर मिरवतेस, आणि मला पत्ताही नाही."

"तुझा असेल तर सांगते, फार आळशी मासा आहे. कामाला लागायलाच तयार नाही."

लोवा हसली. तिचा जन्म मासळीच्या कारखान्यात गेला होता. तिच्या वेळी ही कातडी जनावरांना घालायचे, ती म्हणाली, आणि आता बघा.

टोर्वी कुंडातून उठला. अंगातून वाफा निघत होत्या. तो तसाच जाऊन त्या ओल्या बाकावर बसला.

"वेडा आहेस का? गारठशील."

"थोडा वेळ..."

दात वाजायला लागले तेव्हा तो पाण्यात गेला, ऊब घेतली, आणि पुन्हा बाहेर आला. स्वावाने हसू मफलरमध्ये लपवलं.

नंतर बोट बंदरात असली की तो तलावावर जायचाच. कधी सुकी मासळी आणि लोणी घेऊन. "माझा मासा काय म्हणतो?" हा पहिला प्रश्न. ती रोजचा हालहवाल द्यायची. आज शहाण्यासारखा वागला. आज रुसलाय. आज तुझी आठवण काढत होता... असं म्हणून ती घाईने दुसरीकडे बघायची. हसताना तिच्या डाव्या गालाला आधी खळी पडते, हे टोर्वीला आता पाठ झालं होतं.

जखम कशाची, हे त्याने विचारलं नव्हतं. नाताळच्या आधी एका दुपारी, अंधार पडल्यावर, तिनेच सांगितलं. या गावात ऐन हिवाळ्यात सूर्य डोंगराच्या वर येत नाही. चर्चमधल्या दीक्षेच्या वर्षी, तेरा-चौदा वर्षांच्या असताना, तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली कृत्रिम उन्हाच्या दिव्यांच्या पेटीत झोपून अंग तांबूस करून घ्यायच्या. पांढऱ्या झग्यावर ते शोभून दिसायचं. "आम्हाला वाटायचं, आम्ही हिवाळ्याला फसवलं," ती म्हणाली. पुढे नडगीवरचा एक तीळ काळा होत पसरला. कर्करोग निघाला. डॉक्टरांनी सगळा कापून काढला, पण खड्डा खोल झाला. तो भरला नाही तर विमानाने दक्षिणेला जाऊन मांडीची कातडी काढून लावावी लागणार होती.

"पुढच्या आठवड्यात इस्पितळात बघणार आहेत," ती म्हणाली. "येशील? बाहेर कोणी बसलेलं असलं की बरं वाटतं."

टोर्वी "बघतो" म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

त्याची बायको उन्नुर दोन हिवाळ्यांपूर्वी याच आजाराने त्याच इस्पितळात वारली. तो जिना, त्या हिरव्या खुर्च्या, सगळं तेच. ठरलेल्या दिवशी तो गाडी घेऊन दारापर्यंत गेला. इंजिन चालू ठेवून बराच वेळ बसला. मग गाडी वळवून बंदरावर आला आणि बोटीच्या पुढच्या फेरीसाठी आपलं नाव देऊन टाकलं. परत आल्यावरही तो तलावाकडे फिरकला नाही.

लोवा त्याला दुकानात भेटली. खड्डा थोडा भरलाय, तिने सांगितलं, कातडीचा नवा तुकडा लावलाय, सूर्याच्या दिवसानंतर शेवटचं बघणार आहेत. मग पिशवी उचलता उचलता म्हणाली, "ती बाकावर बसते अजून. एका कडेला सरकून. तुझी जागा सोडून."

जानेवारीच्या शेवटी सूर्य डोंगराच्या खाचेतून पहिल्यांदा डोकावतो. तोच सूर्याचा दिवस. त्या दिवशी घरोघरी साखर घातलेली पातळ धिरडी आणि कॉफी असते. सगळं गाव जुन्या रस्त्यावर येऊन डोळे मिटून तोंडं वर करतं. स्वावा उन्हाला बिचकून बेकरीच्या भिंतीच्या सावलीत एकटी उभी होती. टोर्वी रस्ता ओलांडून आला. त्याच्या हातात काळी छत्री होती. या गावात वारा छत्री टिकू देत नाही, म्हणून कोणी घेतच नाही. लोक बघायला लागले. त्याने ती उघडून तिच्या डोक्यावर धरली.

"टोर्वी, जखम पायाला आहे. तीही लोकरी पँटच्या आत."

"माहितीय. रिकाम्या हाताने तुझ्यासमोर यायला जमलं नसतं."

त्याने छत्रीचा दांडा घट्ट धरला.

"उन्नुर गेली ते मी इस्पितळातल्या त्या खुर्चीत बसून ऐकलं. त्या दिवशी दारापर्यंत आलो होतो, स्वावा. गाडीतून उतरता आलं नाही."

"तुझी गाडी खिडकीतून दिसत होती."

"मग... काही बोलली नाहीस?"

"चिडले होते. नंतर वाटलं, दारापर्यंत तरी आला."

"तुला पुन्हा काही झालं तर—"

"झालं तर झालं. त्याचं वचन मी देऊ शकत नाही. उद्या सकाळी पट्टी सोडणार आहेत, एवढंच माहीत आहे."

वाऱ्याने छत्री फटकन उलटी केली. रस्त्यावरचे लोक हसले. टोर्वीने ती तशीच धरून ठेवली.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "माशामुळे नाही."

"थोडं माशामुळे असू दे," स्वावा म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला उन्हात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तो हिरव्या खुर्चीत बसला. दोनदा त्याने जिन्याकडे बघितलं. पण तो उठला नाही. नर्सने आत बोलावलं तेव्हा क्षणभर त्याने जमिनीकडेच बघितलं, मग पायाकडे. खड्डा भरला होता. वर गुलाबी, पातळ, नवी कातडी आली होती, तान्ह्या बाळाच्या तळपायासारखी. दक्षिणेला जायची गरज नाही, नर्स म्हणाली.

"मासा कुठे गेला?" टोर्वीने विचारलं.

"आत," स्वावा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आता तो माझा. परत मागू नकोस."

पाण्यात उतरायची परवानगी मिळाली तेव्हा बर्फ वितळायला लागलं होतं. टोर्वी बोटीवरून उशिरा आला. स्वावा कुंडात डोळे मिटून बसली होती आणि तो सवयीने बाकाकडे वळला.

"अरे, ती आता इकडे आहे," लोवा म्हणाली.

स्वावाने डोळे उघडले नाहीत. ती थोडी सरकली आणि तिने त्याच्यापुरती जागा केली.