छगनचं इंजिन

छगन जिवंत राहिला असता तर गिदोनमामाला अर्धी जीप मिळणार होती. छगन मेला, आणि जीप अख्खी मामाची झाली.

हा हिशेब आधीच मांडतो. कारण पुढचं ऐकून लोक विचारतात, "तुझा मामा भ्याला कसा नाही रे?" अख्खी जीप हाती आलेला माणूस सहजी भीत नाही.

घडलंय ते खरं. भुताची गोष्ट म्हणजे अमावस्या आणि मध्यरात्र, असं वाटत असेल तर निराशा होईल. १९७३ चा मे महिना. पाथर्डी. मामाच्या घरामागचं पत्र्याचं छप्पर. आणि भर दुपारचं ऊन…

दुष्काळ होता. दुष्काळी कामांवरच्या साहेबांना फिरवायला भाड्याच्या जीप लागत. मामा गाड्यांचा मिस्तरी. त्यानं नगरच्या लिलावात मिलिटरीची जुनी पेट्रोल जीप घेतली होती. छगन आधी टॅक्सी चालवायचा. अपघातात मोडलेल्या त्या टॅक्सीचं डिझेल इंजिन मालकानं त्याला देऊन टाकलं होतं. मामाची जीप, छगनचं इंजिन, दोघांचा निम्मा निम्मा वाटा. कागद मात्र एकट्या मामाच्या नावावर. छगन म्हणाला होता, "मिस्तरी, तुमचा शब्द हाय न्हवं? बास."

इंजिन बसलं. पण ते पहिल्यापेक्षा लांब. म्हणून मागच्या चाकांना फिरवणारा लोखंडी शाफ्ट कापून पुन्हा जोडावा लागला. तो सरळ फिरतो का, हे बघायची एकच रीत. चाकं ठोकळ्यांवर उचलायची, इंजिन चालू, गिअर टाकलेला. एकानं सीटवर क्लच दाबून बसायचं, दुसऱ्यानं खाली झोपायचं. खालचा 'दाब' म्हणाला की दाबायचा. 'सोड' म्हणाला की सोडायचा, मग शाफ्ट फिरतो.

खालचा म्हणेपर्यंत वरच्यानं पाय हलवायचा नाही. अजिबात नाही.

त्या दिवशी छगन खाली होता. मामा वर.

मामानं क्लच सोडला.

छगनच्या गळ्यातलं उपरणं शाफ्टनं ओढून घेतलं…

पंचनाम्यात मामा म्हणाला, "त्योच सोड म्हनला. हळू म्हनला, पन म्हनला." छगनची बायको रंगुबाई भाकरी घेऊन दारातच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "न्हाई. ते काय बी बोलले न्हाईत."

कागदावर आलं, अपघात.

तेराव्याच्या आधीच मामानं शाफ्टला गुंडाळलेल्या चिंध्या कापून काढल्या. घासलेटनं धुतलं. आणि रविवारी प्रार्थनेहून परतताना मला पकडलं.

"यशया, हजेरी मांडून बोटं झिजली असतील. जरा पाय बी झिजव."

मी दुष्काळी कामावर हजेरी कारकून होतो. मामाची जीप साहेबांकडे लावायची शिफारसही मीच करणार होतो. मीही काही साधू नव्हतो, हे सांगितलेलं बरं.

सीटवर बसलो. इंजिन चालू झालं. धडधड इतकी, की खालच्याला ओरडावंच लागतं.

"दाब…"

दाबला.

"सोड…"

सोडला. चाकं गरगरली.

मग लक्षात आलं. आवाज ओरडून आला नव्हता. अगदी हळू… कानाशी बोलल्यासारखा.

मान वळवली. मामा माठाजवळ उभा राहून पाणी पीत होता.

तांब्या तोंडाजवळच थांबला होता. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं.

मी उडी मारून खाली आलो. जीपखाली वाकून पाहिलं.

कुणी नाही. धूळ होती, तिच्यावर रेघसुद्धा नव्हती.

मामानं तोंड पुसलं. आणि हसला.

"मजुरी न मागता कामाला आलाय. यिऊं दे की!" मग वाकून, ढाब्यावर ऑर्डर द्यावी तसा, "काय रं छगन्या, शाफ्ट हलतुया का?"



आणि मग…

"डावीकडं… सूतभर…"

मामानं सूतभर जाडीची पट्टी घातली. शाफ्टची थरथर निम्मी झाली.

माझ्या अंगावर काटा, आणि मामा पाना फिरवत शीळ घालतोय. सलग तीन रविवार हे चाललं. मेलेला माणूस खालून सांगायचा, जिवंत माणूस वरून कमवायचा. मार्थामामी एकदा म्हणाली, "अहो, पाळकसाहेबांना बोलवा." मामा म्हणाला, "ते काय शाफ्ट बघत्यात व्हय?"

तिसऱ्या रविवारी रंगुबाई आली.

"मिस्तरी, माझ्या मालकाचं इंजिन द्या."

मामानं तिच्यापुढं पाना टाकला. "तुझंच हाय की. खोल, आन् ने डोक्यावर."

मी हसलो. खोटं कशाला सांगू? हसलो.

तिनं पाना उचलला नाही. खाली बसली. फडक्यातली भाकरी सोडून मागच्या चाकाजवळ ठेवली. जीपखाली बघत, घरात बोलावं तसं म्हणाली,

"जेवून घ्या. आन् ह्यास्नी आता काय बी सांगू नगा."

उठली. निघून गेली.

त्यानंतर खालचा आवाज बंद झाला.

शाफ्टची थोडी थरथर राहिली होती. सोमवारी साहेब जीप बघणार होते. मामानं हाका मारल्या, शिव्या दिल्या. शेवटी स्वतः खाली जायला निघाला. पण हुशार! अंगातला सदरा काढला, बनियन काढली, कमरेचा करदोडासुद्धा कापून टाकला.

"मला वढायला चिंधी बी घावायची न्हाई," म्हणाला. "यशया, मी वरडल्याबिगर पाय हलवू नगंस."

क्लच दाबून बसलो. घाम डोळ्यात जात होता. मान वळवून पाहिलं, चाकाजवळची भाकरी जागेवर नव्हती. मुंग्यासुद्धा नव्हत्या…

"सोड…"

मामाचाच आवाज. आजही शपथेवर सांगतो, मामाचाच.

पाय सोडला.

आणि पाय सुटता सुटता कळलं. आवाज हळू होता.

मामा ओरडला असता…

मग तो खरंच ओरडला. चिंधी नव्हती, म्हणून शाफ्टच्या सांध्यानं हातच धरला. मी इंजिन बंद करेपर्यंत कोपरापर्यंत गेला होता. उजवा.

"मी म्हनलो न्हवतो! यशया, मी म्हनलो न्हवतो रं!"

दारात मार्थामामी उभी होती. तिच्याकडे बघून मी म्हणालो, "त्यांनीच सोड म्हटलं. हळू म्हटलं, पण…"

ती म्हणाली, "न्हाई. ते काय बी बोलले न्हाईत."

पुढच्या आठवड्यात कामावर रंगुबाई अंगठा द्यायला आली. खडी फोडायला लागली होती. मी मान वर केली नाही. तीच बोलली.

"तुमाला बी आवाज आला ना, दादा?"

मी हो म्हणालो.

"मंग मिस्तरीलाबी आलाच आसंल. ते खोटं न्हवते बोलले."

तिनं अंगठा उठवला.  दोघांच्याही मनात एकच प्रश्न आला असणार. पहिल्या खेपेला, छगन जिवंत असताना, त्याच्या आवाजात 'सोड' म्हणणारं ते कोण होतं?

ते इंजिन ज्या टॅक्सीतलं, तिच्या अपघातात कोण गेलं होतं, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. मी अजूनही विचारलेलं नाही.

मामाच्या इलाजासाठी जीप एका कंत्राटदाराला विकली. कागद मामाचा, पैसे दवाखान्याचे. साहेब तिच्यातून रोज कामावर येत. उत्तम चालायची, जराही थरथर नाही.

छगनचा जीव गेला. मामाचा हात गेला. माझं काहीच गेलं नाही, नोकरीत बढतीच झाली. आणि रंगुबाई त्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला खडी फोडत बसायची, आणि तिच्या नवऱ्याचं इंजिन दिवसातून चारदा तिच्या अंगावर धूळ उडवून जायचं.