लंडन ते पळसदेव, साडेनऊ तास

पळसदेवला उजनी धरणाच्या पाण्याकाठी बाजीरावतात्यांची चिता रचून झाली आणि कुशाबाईचा जीव टांगणीला लागला. एकदा अग्नी दिला की सगळा पुरावा राख. चाळीस वर्षं तिनं त्या घरात भाकऱ्या थापल्या होत्या. तिनंच बारामतीहून प्रियदर्शनीला बोलावलं होतं.

प्रियदर्शनी खासगी तपास करायची. तिची गाडी चालवणारा दीपक एरवी मुंबई विमानतळाची भाडी मारी. रस्ता तोंडपाठ, डोकं मात्र सावकाश. हे तोही कबूल करी.

"सकाळी सहाला बघितलं तर तात्या गार पडल्यालं," कुशाबाई म्हणाली. "दुधाचा पेला घासून पालथा ठिवला व्हता. तात्यांनी जल्मात पेला घासला न्हाय."

"शत्रू कोण?"

"पुतण्या मानसिंग. पाण्याच्या मोटारीवरनं वाकडं हाय, तरी दूध त्येच्याच गोठ्यातनं येतं. तात्याबी काय देवमाणूस न्हवते. त्यांची बायकू केसरबाई छातीत दुखतंय म्हणून कण्हत व्हत्या, दवाखान्यात न्हेलं न्हाय. लेक रविराज लंडनवरनं यायच्या आत सोता अग्नी देऊन मोकळं झालं."

मानसिंग वैतागला होता. "मी चारचौघांत भांडतो, चोरून मारत न्हाय. साडेसहाला लंडनला रविराजला फोन मीच लावला. लगेच उचलला त्यानं. तात्यांना बारामतीच्या दवाखान्यात बर्फात ठिवू म्हनलं, तर म्हनला, घरीच राहू द्या, दिवस मावळायच्या आत पोचतो."

आणि चारला तो पोचलाही. लेक असावा तर असा, असं गाव म्हणत होतं.

"तिथं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता," रविराज म्हणाला. "साडेपाच तास जास्तीचे मिळाले." सगळ्यांनी मान डोलावली. दीपकनंही.

रविराजनं पलिता पेटवला, तशी प्रियदर्शनी चितेपुढं आडवी उभी राहिली.

"दीपक, लंडनहून विमानाला किती वेळ लागतो?"

"नऊ तास."

"मुंबईहून इथं यायला?"

"पाच. घाट मोकळा असला तर."

"चौदा झाले. हे साडेनऊ तासांत आले."

"पण तिथलं घड्याळ मागं असतंय की," दीपक म्हणाला.

"घड्याळ मागं असलं म्हणून सात हजार किलोमीटर कमी होत नाहीत. फोन आला तेव्हा हे लंडनला नव्हतेच. काल रात्री तात्यांनी दार उघडलं ते मुलाला. त्यांना दूध पाजून यांनीच पेला घासला. दूध मानसिंगचं खरं, पण त्यानं मारलं असतं तर बर्फात ठेवू म्हणाला नसता. बारामतीच्या डॉक्टरांना विषाची शंका आली असती, म्हणून यांना घाई. रविराज, पासपोर्टवरचा शिक्का दाखवता?"

रविराजनं पासपोर्ट काढला नाही. प्रियदर्शनीनं आधीच बोलावलेली इंदापूरच्या पोलिसांची गाडी बांधावर येऊन थांबली होती.

"आई गेली तेव्हा मी मुंबईत उतरलो होतो," तो म्हणाला. "पाच तास थांबा म्हणून विनवण्या केल्या. राख बघायला पोचलो. म्हणून या माणसाला माझ्याच हातानं जाळायचं होतं. या वेळी आधीच येऊन बसलो." बोलताना त्याच्या डोळ्यांत पश्चात्तापाचा टिपूस नव्हता.

फौजदारानं त्याचा दंड धरला. देह तपासणीला न्यायला माणसं पुढं झाली, तेव्हा तो पहिल्यांदा खचला.

"अग्नी देईपर्यंत थांबू द्या मला."

कुशाबाईनं त्याच्या हातातला पलिता काढून पाण्यात विझवला.

"ह्या घरात कोन कुनासाठी थांबलंय, बाळा?" ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून घराकडं चालू लागली.