वाटेतले तीन घोट

मनुबाईनं सत्तावीस वर्षं दहिवडीच्या दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. सुया उकळल्या, बाळंतिणींना धीर दिला, मेलेल्यांचे डोळे मिटवले. त्यामुळे अंगारे-धुपारे, नवस-सायास यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कुणी लेकरावरून लिंबू उतरवायला लागलं की ती म्हणायची, "त्यापरीस सरबत करून पाजा, अंगी तरी लागंल." अशी ही बाई. म्हणून तर त्या प्रवासात जे झालं ते तिला स्वतःलाच पटवून घेणं जड गेलं.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत बाळासोच्या एसटीडी बूथवर तिच्या नावानं कुवेतहून फोन आला. बोलत होता अवधूत. सांगलीचा पोरगा, तिच्या यशराजच्या खोलीतच राहणारा. यशराज तिथं वेल्डर. त्याचं पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते आणि ताप हटत नव्हता.

"काकू, तो काही गिळतच नाही हो. चमचाभर पाणी घातलं तरी ओघळून बाहेर येतं. डॉक्टर म्हणतात, एकदा स्वतःहून प्यायला तर आशा आहे. आणि तापात एकच धोशा लावलाय, आमच्या आडाचं पाणी द्या म्हणून."

सून संयोगिताचा पासपोर्ट नव्हता, मनुबाईचा तयार होता. आईला एकदा विमानात बसवायची यशराजला भारी हौस, त्यानंच गेल्या साली तो काढून घेतला होता. व्हिसाचं कंपनीनं पाहिलं. राहिलं पाणी. घराच्या परसातला तो आड तसा मचूळच. पाहुणे एक घोट घेऊन तोंड वाकडं करायचे. पण यशराजला लहानपणापासून दुसरं पाणी गोड लागलं नाही. मनुबाईनं पहाटे पोहरा सोडला, पाणी गाळलं, वीस मिनिटं उकळलं आणि निवल्यावर दवाखान्यातल्या जुन्या सलाईनच्या काचेच्या बाटलीत भरून वर रबरी बूच दाबलं. बरोबर पाचशेच्या रेघेपर्यंत.

शेजारची अंबूबाई कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, "मनू, शेवटचं पाणी घालाया निघालीस व्हय गं?"

"तोंड सांभाळ, अंबे!" मनुबाई कडाडली. "शेवटचं पाणी लेकानं आईला घालायचं अस्तंय, आईनं लेकाला न्हवं. मी त्येला तहान लागलीया म्हणून चाललेय."

म्हणाली खरी. पण मुंबईपर्यंत एसटीत बाटली तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही.

विमानतळावर सकाळी रांगेत उभी राहिली तेव्हा तपासणीवरच्या पोलिसानं पिशवीतून बाटली बाहेर काढली.

"हे काय आहे, आजी?"

"पाणी."

"सलाईनच्या बाटलीत?"

"मग काय इमानात घागर आणू?"

मागची माणसं हसली. पोलीसही हसला, पण बाटली काही परत देईना. "पाणीच असेल तर एक घोट पिऊन दाखवा. नियम आहे."

"आजाऱ्याचं हाय ते, दादा. आधीच एवढंसं. मीच पीत बसले तर त्येला काय देऊ?"

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"माणातली. दहिवडीची."

"मी शेजारच्या वडूजचा, आजी." त्याचा आवाज एकदम खाली आला. "पन काय करू? वर सायेब बघतोय. एकच घोट घ्या."

मनुबाईनं बूच काढून जेमतेम जीभ भिजेल एवढं पाणी घेतलं. मचूळ चव लागली आणि लगेच नाहीशी झाली. घशातून काही उतरलंच नाही. जिभेवरचं पाणी कुणी ओढून घेतल्यासारखं तोंड कोरडं पडलं. प्रवासाच्या दगदगीनं असेल, तिला वाटलं. मग सवयीनं तिनं बाटली डोळ्यांसमोर धरून रेघ वाचली.

साडेतीनशे.

तिनं टेबलाखाली पाहिलं. फरशी कोरडी. पिशवी कोरडी. पदर कोरडा. निवृत्त होताना दवाखान्यानं दिलेल्या घड्याळात पावणेसात झाले होते. सत्तावीस वर्षांत सलाईनची रेघ वाचायला ती कधी चुकली नव्हती. एका घोटात दीडशे? ती स्वतःशीच पुटपुटली आणि पिशवीतली चिकटपट्टी काढून साडेतीनशेच्या रेघेवर लावली.

विमानात तिनं ढग पाहिले नाहीत, की जेवणाच्या ताटाला हात लावला नाही. चार तास पट्टीवर नजर ठेवून बसली. पाणी तसूभर हललं नाही.

मध्ये विमान बदलायचं होतं. तिथं पुन्हा रांग, पुन्हा ते काळ्या पट्ट्याचं यंत्र, पुन्हा पिशवी उलटीपालटी. मोठ्या मिशांचा एक माणूस बाटली उचलून प्यायची खूण करायला लागला.

"आवं, मुंबईत आत्ताच पिले की! पाण्याची काय बंदूक हुतीया का?"

त्याला एक अक्षर कळलं नाही. त्यानं पुन्हा अंगठा तोंडाकडं नेला. मागचे लोक चुळबुळ करायला लागले, कुणीतरी खांद्याला धक्का दिला. परक्या मुलखात एकटीनं किती भांडणार? मनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाटली नुसती ओठाला लावली. या खेपेला जाणूनबुजून ओठ घट्ट मिटून.

पट्टीच्या खाली पाणी सरकत गेलेलं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिचे ओठ मिटलेलेच होते.

दोनशे. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं.

आता तिला भीती वाटायला लागली. पुढच्या विमानात तिनं बाटली लुगड्याच्या घोळात गुंडाळून पोटाशी धरली. "येवढं तरी राहू दे," ती म्हणत होती. कुणाला म्हणत होती तिचं तिलाच ठाऊक, कारण देवाशी तिची फारशी बोलचाल नव्हती.

कुवेतला उतरल्यावर बाहेर पडायच्या दारापाशी तिसरी तपासणी. या वेळी बाई होती, हातात पांढरे रबरी मोजे घातलेली. मनुबाईनं हात जोडले. "माझ्या लेकाचं हाय गं, बाई. त्येवढंच उरलंय." बाईनं हसून मान हलवली आणि बाटली तिच्यापुढं धरली.

घोट घेतला आणि मनुबाईला जोराचा ठसका लागला. दम कोंडला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. ती बाई घाईनं टेबलाला वळसा घालून आली आणि त्या मोजे घातलेल्या हातानं तिच्या पाठीवर थोपटायला लागली. शेवटी बाईमाणूस ती.

ठसका थांबला. मनुबाईनं बाटली पाहिली. थेंब नव्हता.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपल्याकडं म्हणतात. इथं आड तिकडं भरलेला होता आणि पोहराच रिकामा. मनुबाई तिथल्या चकचकीत फरशीवर बसली आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. वाजले होते चार वाजून पाच मिनिटं. घड्याळ तिनं लावून घेतलं नव्हतं, ते दहिवडीच्याच वेळेवर चालत होतं.

बाहेर अवधूत उभा होता. तिच्या हातातली रिकामी बाटली त्यानं पाहिलीसुद्धा नाही.

"काकू! प्यायला तो! स्वतःहून गिळलं त्यानं, दोन वेळा. पहिल्यांदा सकाळी, आपल्याकडचे पावणेसात वाजले असतील. मग बाराच्या सुमारास. कुणी काही दिलं नव्हतं हो, नर्स शपथेवर सांगते. नुसता गटागटा गिळत होता. चला, चला लवकर."

मनुबाईनं बाटली पिशवीत टाकली आणि त्याच्या पुढं चालायला लागली.

यशराज उशांना टेकून बसला होता. गालफडं बसलेली, पण डोळे जागे. तिला पाहून हसला.

"आये, लय दिसांनी पोटभर पाणी पिलो बग."

"व्हय रं, माझ्या राजा."

"तिसऱ्या बारीला मातुर ठसका लागला. जीव जातो का काय वाटलं. तवा तू पाठीवर थोपटलंस म्हणून वाचलो." तो दम घ्यायला थांबला. "पन आये, तू हातात रबरी मोजं का गं घातलं व्हतंस?"

अवधूत हसला. तापातलं बोलणं, त्याला वाटलं.

मनुबाईनं पदरानं लेकाचं तोंड पुसलं. हनुवटी ओली होती. पुसताना बोट ओलं झालं, ते तिनं कुणाचं लक्ष नाहीसं पाहून जिभेला लावलं.

मचूळ.

तीन आठवडे ती तिथं राहिली. लेकाला पेज भरवली, हाताला धरून चालवलं, नर्सांना आपल्या भाषेत हुकूम सोडले. तिथलं पाणी समुद्राचं, खारटपणा काढून गोडं केलेलं. त्याला ना चव ना ढव, गिळल्यावर पाणी प्यायल्यासारखं वाटायचंच नाही. ती नाक मुरडायची आणि यशराज तिला चिडवायचा.

निघायच्या दिवशी त्यानं ती सलाईनची बाटली ठेवून घेतली. "दिवाळीला येतोच. ह्येच पाणी भरून आणतो आन् तुला पाजतो."

"आण की. लेकाच्या हातचं इखसुदिक गोड लागतं."

ऑगस्टात एका सकाळी मनुबाई ओट्यावर मटकी निवडत बसली होती. दोन दिवस अंग जरा जड होतं, बाकी काही नाही. अकराच्या सुमारास तिचा घसा आपोआप हलला. गार पाणी आत उतरत गेलं. त्याला ना चव ना ढव.

तिनं सूप खाली ठेवलं.

"संयोगिता," तिनं सुनेला हाक मारली, "यशू निघालाय."

"काय तरीच, आत्या. रजा दिवाळीला हाय त्यांची."

"निघालाय म्हणते न्हवं? उद्याला दोन भाकरी जास्त थाप."

दुपारी तीनला दुसरा घोट. त्यानंतर मनुबाई उठली, न्हाली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि दाराशी, आत येणाऱ्याला आधी दिसेल अशा जागी, अंथरूण टाकून भिंतीला टेकून बसली. परसातून आडाच्या रहाटाचा आवाज येत होता. तिला बरं वाटत होतं. खूप बरं.

सातला तिसरा.

पाठोपाठ बाळासोनं बूथवरून हाळी दिली. संयोगिता धावत गेली आणि धावतच परत आली, हसत, धापा टाकत.

"आत्या, खरंच की वो! मुंबईत उतरल्यात. काल एकाएकी घशाला कोरड पडली म्हणं, काय पिलं तरी जाईना, आन् सारखी तुमचीच आठवण. तसंच सायबाच्या पाया पडून निघालं. लय वैतागल्यात. बाटली घेऊन निघाल्यात न्हवं, तीन ठिकाणी अडवलं आन् तीन ठिकाणी घोट प्यायला लावला. म्हणाले, आईला सांग, कितीबी अडवलं तरी एक घोट तिच्यासाठी राखून आणतोच. सकाळपातूर पोचत्यात."

"आणंल," मनुबाई म्हणाली. "माझं लेकरू हाय ते."

संयोगिता चुलीकडं वळली. मनुबाईनं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीनं दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. एक अख्खं मिनिट ती थांबली. मग हात बदलला आणि पुन्हा मिनिटभर थांबली.

दोन्ही हातांना काही लागलं नाही.

तिनं पदर नीट केला, पाय सरळ केले.

"संयोगिता," ती शांतपणे म्हणाली, "यशू येस्तवर मला कुणी हलवू नगा."