धक्क्याला बांधलेला समुद्र

"अहो, जरा हे टोक धरता का?"

धक्क्याच्या कडेला वाकून सुईने मोजपट्टीचं टोक पुढे केलं. समोर, जेमतेम दोन हातांवर, एक शिडाची बोट डुलत होती आणि तिच्या कठड्याशी बसून एक उंच, सावळा तरुण बटाटे सोलत होता. त्याने मान वर केली. सुईकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे कसं... तिच्या आरपार! तिच्या मागच्या धुक्यातच काहीतरी असावं, तसं. आणि पुन्हा बटाटा हातात घेतला.

"तुम्हालाच म्हणतेय! शीड शिवायचंय, या आडव्या दांड्याची लांबी हवीय. बहिरे आहात का?"

तरुण शांतपणे उठला आणि बोटीच्या आत तोंड करून ओरडला, "आत्या, डाव्या हाताला खडक!"

आतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "केवढा?"

"लहानसाच आहे. पण बोलतोय."

"किती लांब?"

"हात पुढे केला तर लागेल..."

"मग हात आत ठेव!"

सुईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंदरावर तिला सगळे सुई म्हणायचे. एक तर ती बाबांबरोबर शिडं शिवायची, आणि दुसरं म्हणजे तिच्याशी बोलणाऱ्याला कुठे ना कुठे टोचायचंच. पण त्या सकाळी काय टोचावं तेच तिला सुचेना. मोजपट्टी गुंडाळून ती तरातरा निघाली. वळणावर मात्र तिने मागे वळून पाहिलंच. तरुणही बघत होता — या वेळी आरपार नाही, अगदी तिच्याकडेच. त्याच्या हातातला बटाटा पाण्यात पडला.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं, तर बाबा हसूनहसून बेजार झाले. त्यांचं शिवणघर म्हणजे एक लांबलचक खोली. जाड कापडाच्या घड्या, मेणाचा वास, आणि पाण्याकडे उघडणारी एकच खिडकी.

"अगं, आत्याचा सराव सुरू झालाय!" बाबा डोळे पुसत म्हणाले. "ती बोटीची मालकीण आणि कप्तानही. सख्ख्या भाच्याला घेऊन निघालीय, म्हणून ती अख्ख्या बंदराची आत्या आणि तो अख्ख्या बंदराचा भाचा. किनाऱ्याकिनाऱ्याने पार टोकापर्यंत जायचं आणि वारा फिरला की परत. सात-आठ महिने सहज जातील."

"म्हणून माणसाला खडक म्हणायचं?"

"निघण्याआधी चार दिवस बोट धक्क्यालाच बांधलेली असते, पण आतल्यांनी समजायचं की आपण भर समुद्रात आहोत. धक्का नाही, गाव नाही, माणसं नाहीत. किनाऱ्याशी बोललं तर सगळ्यांची भांडी घासायची. आणि धक्क्यावर पाय ठेवला तर तो बुडाला! त्याची जागा गेली."

"काय पोरखेळ आहे!"

"पोरखेळ नाही गं. मागे एकदा ऐन समुद्रात एकाचा धीर सुटला, आणि आत्याला अर्ध्यातून परत फिरावं लागलं. तेव्हापासून, धक्क्याला बांधलेल्या बोटीत जो एकमेकांचं घोरणं सोसेल, त्यालाच ती नेते."

दुसऱ्या दिवशी सुई त्या बोटीचं जादा शीड घेऊन धक्क्यावर गेली. शिवणघरात ते पसरायला जागा नव्हती, हे खरं. पण धक्का काय थोडाथोडका लांब होता? ती नेमकी त्याच बोटीसमोर बसली. आता बसली तर बसली, आपण कोण विचारणार!

"आत्या, खडक परत आलाय," भाच्याने वर्दी दिली.

"खडक येत-जात नसतात. तूच वाट चुकला असशील."

"आज निळा दिसतोय."

"शेवाळं असेल."

"शेवाळं तुझ्या डोक्यात!" सुई फणकारली, आणि आपण पहिल्याच फटक्यात 'तू'वर आलो हे लक्षात येऊन तिने घाईघाईने दोरा दाताखाली धरला.

कठड्यावर एक सीगल पक्षी येऊन बसला होता. भाच्याने त्याला वाकून नमस्कार केला. "पक्षीराज, तुम्हाला म्हणून सांगतो. काल कुणाची तरी मोजपट्टी धरता आली नाही, फार वाईट वाटलं. तो दांडा मी मोजून ठेवलाय. चौदा फूट आणि वर चार बोटं. कुणी विचारलं तर सांगाल ना?"

सुईने शिडाचा कोपरा थोपटला. "शिडा, त्या पक्ष्याला सांग, बोटं कुणाची ते कळल्याशिवाय माप धरता येत नाही."

"पक्षीराज, बोटं माझी." त्याने पंजा पसरून दाखवला. लांबसडक बोटं, दोरांनी घट्टे पडलेली... सुईने जरा जास्तच वेळ माप घेतलं.

बोटीत नकाशा घेऊन बसलेले मास्तर मुद्दाम खोकले. शाळेतून निवृत्त झालेल्या या मास्तरांवर वाट दाखवायचं काम होतं. चौथा गडी पैलवान — नाव पैलवान, पण अंगाने काडी.

दुपारी धुकं विरलं. पाण्यावरचं ऊन बोटीच्या पांढऱ्या अंगावर हलत राहिलं. मांडीवरचं शीड मऊ, कोमट झालं होतं. भाचा दोर तपासायला डोलकाठीवर चढला होता आणि वर कुठेतरी शीळ घालत होता. वर बघायचं नाही, असं सुईने ठरवलं होतं. ठरवलं, आणि बघितलं... आणि हातातली सुई बोटात कचकन घुसली.

"आई गं!"

शीळ थांबली. पुढच्याच क्षणी वरून एक स्वच्छ रुमाल तरंगत आला आणि तिच्या पायाशी पडला.

"आत्या, माझा रुमाल वाऱ्याने उडाला!"

"वारा कुठाय रे?"

वारा नव्हताच. सुईने रुमाल बोटाला गुंडाळला. त्याला साबणाचा आणि थोडासा बटाट्याचा वास होता. तो वास तिला आवडला, आणि आवडला म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

ऊन उतरल्यावर भाचा परत कठड्याशी आला. पक्षी उडून गेलेला होता, तरी तो बोललाच. "पक्षीराज... सात-आठ महिने कुणी कुणाची आठवण ठेवतं का हो?"

सुईला शिडाकरवी उत्तर देता आलं असतं. पण तिने टाका अर्धाच सोडला. हा माणूस दोन-तीन दिवसांत निघून जाणार, आणि आपल्याला ते मुळीच नको आहे, हे तिला तेव्हा लख्ख कळलं.

तिसऱ्या दिवशी पैलवान बुडाला. म्हणजे झालं असं, की भरतीमुळे बोट वर येऊन धक्क्याला अगदी चिकटली होती. पैलवानाची टोपी उडून धक्क्यावर पडली, आणि तो सवयीने टोपीमागे गेला. टोपी डोक्यावर घातल्यावर त्याला आठवलं, की आपण भर समुद्रात होतो.

"माणूस गेला," आत्या म्हणाली.

"आत्या, अहो, टोपी..."

"मास्तर, दोन मिनिटं शांतता."

तिघंही मान खाली घालून उभे राहिले. स्वतःच्याच दुखवट्याला पैलवान कमरेवर हात ठेवून धक्क्यावर हजर होता. सुई हसूनहसून शिडावर लोळली.

मग आत्या जे बोलली, त्याने तिचं हसू थांबलं. "तिघांत पहारे लागत नाहीत. चौथं माणूस आता कुठून आणू? आणि वारा काही आपल्यासाठी थांबत नाही. उद्या संध्याकाळी सराव संपला, की बोट वर ओढायची. यंदा जाणं नाही."

सुईच्या मनात पहिलं काय आलं असेल? आनंद! तो जाणार नाही... इथेच राहील! तिला काही करायचंसुद्धा नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. पण मग तिचं लक्ष आत्याकडे गेलं. आत्या सुकाणूवर हात ठेवून बंदराच्या तोंडाकडे बघत बसली होती. भाचा एक घासलेलं पातेलं पुन्हा घासत होता. सुईला आपल्या आनंदाची लाज वाटली. तिने गुपचूप शिवण आवरली.

"बाबा," जेवताना ती म्हणाली, "मी गेले तर?"

बाबांनी विचारलं नाही, कुठे. "मी पाठवत नाही आणि अडवतही नाही. पण त्या पोरासाठी जात असशील, तर जाऊ नकोस. उद्या बिनसलं तर समुद्रात माहेरी यायला रस्ता नसतो."

सुईने खूप विचार केला. तो नसता तर आपण गेलो असतो का? लहानपणापासून तिने शिडं शिवली. सगळी घडी होऊन गेली. वाऱ्याने भरलेलं शीड खालून कसं दिसतं, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. आणि ते पाहायची इच्छा काही भाच्याबरोबर आलेली नव्हती. गेले असते, तिने स्वतःला सांगितलं. नक्की गेले असते.

शेवटच्या दिवशी ती धक्क्यावर येऊन उभी राहिली. "आत्या, मी येते चौथी! पोहता येतं, शिवता येतं, आणि भांडता तर येतंच."

आत्याने तिच्या आरपार पाहिलं. "भाच्या, कसला आवाज?"

"आत्या..." भाचा कठड्यावरून पुढे वाकला. "खडक काहीतरी म्हणतोय. ऐकून तरी घे ना!"

"खडकांना माझ्या बोटीवर जागा नाही. जो सरावात नाही, तो सफरीत नाही. आणि भर समुद्रात कुणी चालत येऊन बोटीवर चढत नसतं!"

चालत नाही... सुई तिथेच थबकली. मग तिने चपला काढून नीट जोडीने ठेवल्या, केसांना गाठ मारली, आणि धाडकन पाण्यात उडी घेतली.

"माणूस पाण्यात!" भाचा इतक्या जोरात ओरडला की बंदरावरचे सगळे पक्षी उडाले. त्याने तरंगतं कडं फेकलं, ते सुईच्या डोक्यात बसता बसता राहिलं.

"काय प्रकार आहे?" आत्या धावत आली.

"मुलगी बुडतेय, आत्या!"

"बुडत नाहीये, पोहतेय मी!" सुई पाण्यातून म्हणाली.

"गप्प बस!" आत्या कडाडली. "बुडतेयस म्हणून घेतेय!"

भाच्याने शिडी सोडली आणि हात पुढे केला. चार बोटं, घट्टे पडलेली. सुईने ती पकडली.

"समुद्राचा कायदा आहे," आत्या गंभीरपणे म्हणाली. पण तिच्या ओठांचा कोपरा काही ऐकत नव्हता. "पाण्यात सापडलेलं माणूस परत पाण्यात टाकता येत नाही. पुढच्या बंदरापर्यंत न्यावंच लागतं. आणि शिडं शिवणारं माणूस तिथे उतरवायला मी काय खुळी आहे? घोरतेस का गं?"

"माहीत नाही."

"आज कळेल. मास्तर, सराव एक दिवस वाढवा."

आत्या आणि मास्तर घोंगडी शोधायला आत गेले. डेकवर दोघंच उरले. आता ती खडक नव्हती. आता तो तिच्याशी बोलू शकत होता. पण पक्ष्यांशी अखंड बडबडणारा हा माणूस तिच्यासमोर नुसता उभा! तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, दात वाजत होते, म्हणून शेवटी तीच बोलली. "हे बघ... मी माझ्यासाठी येतेय. आणि तू मला आवडतोस. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजलं?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"चहा... टाकू?" तो म्हणाला.

सुईच्या काळजात थोडं दुखलंच. सगळी थट्टाच होती की काय?

आत्याने पहारे लावले ते असे — भाचा आत्याबरोबर, सुई मास्तरांबरोबर. "एक जागा असेल तेव्हा दुसरा झोपेल. दोघांना एकत्र ठेवलं, तर समोरून येणारं जहाज कोण बघणार?"

बोट निघाली त्या पहाटे बाबा कपड्यांचं गाठोडं घेऊन आले. दोर सुटला. ते हात वर करून उभे राहिले, आणि सुई डोळे पुसत त्यांच्याकडे बघत राहिली, दिसेनासे होईपर्यंत. मग बंदराच्या तोंडाबाहेर वारा आला. तिच्या डोक्यावर शीड एकदा फडफडलं आणि भरलं. एवढं मोठं, एवढं जिवंत... ती मान वर करून बघतच बसली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सुई पहाऱ्यावर आली. मास्तर पुढच्या टोकाला दुर्बीण लावून बसले. भाच्याने सुकाणू तिच्या हाती दिलं. आता त्याने खाली जाऊन झोपायचं होतं. तो गेला नाही.

"पैलवान बुडाला ना..." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तेव्हा मला आनंद झाला. आत्याचं तोंड बघवत नव्हतं, आणि मी मनातल्या मनात नाचत होतो. जायला नको, इथेच राहायला मिळेल म्हणून. इतकी लाज वाटली, की तुझ्यासमोर तोंडच उघडेना."

सुई त्याच्याकडे बघतच राहिली. "मलाही झाला होता."

"काय?"

"आनंद. आणि लाजही."

दोघंही एकदम हसले. मग तो थांबला. या वेळी त्याने पक्ष्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडेही नाही.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "पक्ष्यांना सांगून झालं, मास्तरांना झालं, बटाट्यांनासुद्धा झालं. तुलाच तेवढं राहिलं होतं."

खालून आत्याची हाक आली, "भाचा झोपला का गं?"

"झोपला, आत्या!"

"मग त्याला म्हणावं, झोपेत इतकं बोलू नये."

भाच्याने ओठ घट्ट मिटले आणि सुकाणूवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला. बोट जराशी वाकडी गेली.

"थोडं उजवीकडे," मास्तर मागे न बघता म्हणाले.

सुईने बोट उजवीकडे घेतली. हात होते तिथेच राहिले.