पासष्टला नको

गिऱ्हाईक अर्धा तास लवकर आलं, आणि केतकीच्या डोक्याला जळमटं काढताना बांधलेला पंचा अजून तसाच होता.

"समर्थ. घर बघायला आलोय," दारातला तरुण म्हणाला आणि छत्रीचं पाणी बाहेर झटकून मगच आत आला.

वडगावातलं हे घर केतकीच्या बाबांनी बांधलेलं. ते गेल्यावर दोघी मायलेकींना ते फार मोठं झालं होतं, आणि आईचे गुडघे जिना चढू देत नव्हते. विकून लहानसा फ्लॅट घ्यायचं ठरलं. किंमत आईच्या मानलेल्या भावानं, मारुतीमामांनी सांगितली होती. पासष्ट लाख.

समर्थनं घर सावकाश पाहिलं. भिंतींना हात लावला, नळ सोडून बघितला. मधेच वळला, तर केतकी त्याच्याकडेच पाहत होती... दोघांनीही घाईघाईनं नळाकडे पाहिलं.

चहा घेता घेता तो म्हणाला, "पासष्टला नको."

केतकी तयारच होती. "त्रेसष्ट. त्याखाली जमणार नाही."

"कमी करा म्हणत न्हाय मी. पासष्ट... लई कमी हाय."

आईच्या हातातली बशी कलली. चहा साडीवर सांडला तरी तिला कळलं नाही.

"तुमच्या गल्लीतलं कोपऱ्यावरचं घर ऐंशीला गेलं. मी बघायला गेलतो. ते ह्याच्याहून लहान, विहीर पण न्हाय. हे पंच्याऐंशीला तरी जाईल."

"आणि तुमच्याकडे किती आहेत?"

"कर्ज काढून सदुसष्ट."

केतकी बघतच राहिली. "मग गप्प बसायचं होतं. घर मिळालं असतं तुम्हाला."

"मिळालं असतं. पण आईला कोगनोळीहून आणायचंय मला. ती आल्या आल्या विचारेल, कितीला घेतलंस? मग काय सांगू तिला?" चहा अर्धाच ठेवून तो उठला.

केतकीनं मामांना स्पीकरवर फोन लावला. ते जराही गडबडले नाहीत. "अगं, पंच्याऐंशी सांगितले असते तर आपल्या नागेंद्राला कसं परवडलं असतं? तो उद्या येणारच होता बघायला. माझा जावई म्हणजे घरचाच की."

"दर वर्षी राखी बांधते मी त्याला," आई एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

घर चौऱ्याऐंशीला गेलं. केतकीनं समर्थला कळवलं.

"चांगलं झालं की," तो इतक्या मनापासून म्हणाला, की तिला रागच आला.

"तुमच्या हातचं घर गेलं, आणि आनंद कसला होतोय?"

"घर तुमचंच होतं न्हवं?"

"दुसरं शोधायला... मी येऊ का?" हे आपणच विचारलं यावर तिचा विश्वास बसेना.

"या की. भाव करायला मला जमत न्हाय, ते तुम्ही बघितलंयच."

मग दर रविवारी दोघं एका छत्रीतून घरं बघत हिंडू लागले. नव्या रंगाखालची ओल केतकी लांबूनच ओळखायची.

"घर बघा," ती म्हणायची.

"बघतोय की."

"ते तिकडं आहे."

उचगावात भरमूआप्पांचं घर दोघांनाही आवडलं. आप्पांनी बावन्न लाख सांगितले.

"पन्नास योग्य होतील, आप्पा," केतकी म्हणाली. "वाट अरुंद, मागं ओल. आणि स्वयंपाकघर केवढंसं. यांची आई आणि माझी आई एकदम आत शिरल्या, तर मी कुठं उभी राहायचं?"

बोलून झालं, आणि तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. कानशिलं तापली. पायाखालची फरशी दुभंगेल तर बरं, असं तिला वाटलं. आप्पा एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले. समर्थच्या हातून छत्री गळून पडली, ती त्यानं उचललीही नाही.

कौलांवर पाऊस वाजत होता.

"आप्पा," समर्थ स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावत म्हणाला, "ही मधली भिंत काढली तर चालंल न्हवं?"

"काढा की. आडभिंत हाय ती. वरचा भार न्हाय हिच्यावर."

केतकीनं मान वर केली नाही. "कधी काढणार?" तिनं हळूच विचारलं.

"तुम्ही..." तो अडखळला. "तू म्हणशील तेव्हा."