बाराव्या दिवसाचं नाव

मांडणीवरच्या वाट्या किणकिणल्या. दुपारचा एक वाजला होता. पठाराखालच्या दगडखाणीत सुरुंग उडाला.

शलाकाने पलंगाकडे पाहिलं. साडेचार वर्षांची मनवा हललीसुद्धा नाही. एक पाय पांघरुणाबाहेर, मूठ गालाखाली. लेक झोपली की शलाका क्वार्टरमध्येच श्रवणकेंद्राचं काम उघडून बसायची.

केंद्राचे तीनशे यांत्रिक कान जगभर पेरलेले होते. माणसाला ऐकू न येणारा अवध्वनी ते टिपत. पाचांपैकी प्रत्येक महासत्तेच्या बॉम्बची हवेतली लहर निराळी, त्यामुळे कुठे पडला आणि कुणी टाकला, दोन्ही कळे. चार वर्षांत कोणत्या महासत्तेने परमुलखात किती वेळा बॉम्ब टाकले, त्याचा तक्ता आज चार वाजता जागतिक परिषदेकडे जायचा होता. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याच्या सैन्याकडे शांततेसाठी हिराम खोऱ्याची राखण जाणार होती.

पडद्यावर केंद्रप्रमुख मुजावर मॅडम होत्या.

"सागरसंघ अकरा. बाकी चौघे शेकड्यांत," त्या म्हणाल्या. "सही कर, शलाका, आणि जेवून घे. आवाज बघ कसा झालाय."

"मॅडम, हे अकराही एकाच जागचे आहेत. ओळीने अकरा दिवस, रोज पहाटे साडेपाचला. मग एकदम काही नाही."

"थांबले असतील."

"अकराव्याच दिवशी?"

मॅडमनी अकराही तारखा पुन्हा पाहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या लेकीची चाळणी."

ती शलाकानेच बांधली होती. जगात खाणी हजारो. त्यांचे सुरुंग बॉम्बांत मिसळत. मनवा जन्मली तेव्हा एकच्या सुरुंगाला दचकून रडायची. बारशाच्या दिवशी मात्र वाट्या वाजल्या आणि ती पाळण्यात शांत झोपून राहिली. बायका हसल्या, पोर इथली झाली म्हणाल्या. त्यावरून शलाकाने यंत्राला सवय शिकवली: एकाच जागी, एकाच वेळी, बारा दिवस स्फोट झाला, तर बाराव्या दिवशी त्याचं नाव 'खाण' ठेवायचं. पुढे लहर तपासायची नाही, मोजायचं नाही. या सवयचाळणीचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं.

"जागा कोणती?" मॅडमनी विचारलं.

"हिराम खोरं."

"तिथे खाण नाही का?"

"खाणीला आठवड्याची सुट्टी असते, मॅडम. पावसाळ्यात काम बंद असतं. या 'खाणी'ने एक दिवसही चुकवलेला नाही."

शलाकाने त्या जागेपुरती चाळणी काढली. आकडा चढत गेला आणि बाराशे सहावर थांबला. लहर प्रत्येक वेळी सागरसंघाचीच होती. शेवटची आज पहाटेची.

"म्हणजे जो रोज टाकतो, तो आपल्याला ऐकूच येत नाही," मॅडम हळू म्हणाल्या. "आणि आपण त्यालाच राखणदार करायला निघालो होतो."

"मी निघाले होते."

"आता रडू नकोस बाई. तक्ता मी अडवते. तू फक्त लिही, काय झालं ते. जसंच्या तसं."

पडदा काळा झाला. शलाकाने लिहायला घेतलं: बाराशे सहापैकी अकराशे पंच्याण्णव वेळा आपण ऐकलं आणि नोंदवलं नाही. पुढचं वाक्य सुचेना.

पलंग कुरकुरला. मनवा उठून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले.

"आई, तू का रडतेस?"

"अगं, लांब एका गावात रोज सकाळी मोठ्ठा आवाज होतो. मला तो कळलाच नाही."

"आपल्या वाट्या वाजतात तसा?"

"त्याहून मोठा."

मनवा येऊन तिच्या मांडीवर चढली. थोडा वेळ अंगठा चोखत बसली.

"तिथे माझ्याएवढी मुलं आहेत?"

"होती... असतील."

"मग आवाज झाला तरी तीपण उठत नाहीत?"