चौसष्ट एमबीचा माणूस

दिग्रसच्या स्टँडवर उतरले आणि चहावाल्याला कापसाच्या जिनिंगचा रस्ता विचारला, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"तिथं कोणाले भेटाचं हाय, ताई?"

"इंद्रजितना. वजनकाट्यावर असतात ते."

"ते जिनिंग तं दोन वर्षांपासून बंद हाय. लाइटबी कापली. तिथं कोणीच नाही!"

मे महिन्यातली दुपार, तरी माझे हात गार पडले. कारण गेली दोन वर्षं दर सोमवारी चार वाजता मी त्याच जिनिंगमधल्या माणसाशी फोनवर बोलत होते.

यवतमाळला आमचं छोटंसं ऑफिस. कापसाच्या काट्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. दर सोमवारी प्रत्येक जिनिंगमधून फोनच्या वायरीवरून वजनाचा रिपोर्ट येतो, आणि तो आला की मी फोन करून पडताळते. नवी आवृत्ती निघाली की 'कमीत कमी एवढा कॉम्प्युटर हवा' हा कागद मी लिहिते. एकही जुनं मशीन चालू असेल, तर कागदावरचा आकडा वाढवायचा नाही, हा आमचा नियम. बाकी सगळे दोनशे छप्पन एमबी मेमरीवर गेले, दिग्रसचं हे एकच चौसष्टवर अडलेलं.

"आजही वजन शून्य?" मी फोनवर विचारायची.

"भावच नाही मॅडम, कोण आणते कापूस?" इंद्रजित हसायचा.

शेवटी आमचे साहेब, मधुसूदन सर, वैतागले. "आभा, स्वतः बघून ये, नाहीतर खोड ते चौसष्ट." खोडलं की रिपोर्ट बंद. रिपोर्ट बंद की फोन बंद... आणि त्या आवाजावर माझा जीव जडला होता. हे सरांना कसं सांगणार?

फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत यंत्रांवर कापसाचे पुंजके लोंबत होते. वारा नव्हता, तरी हलत होते. पत्र्याच्या शेडमध्ये माझीच पावलं मला मागून ऐकू येत होती. सोमवारचे बरोबर चार वाजले, आणि तिथल्या ऑफिसच्या बंद दारामागे प्रिंटर करकरला.

पळावंसं वाटलं. पाय मात्र दाराकडेच गेले.

आत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चाललेला कॉम्प्युटर. समोर, केसांत कापूस अडकलेला, माझ्याहून जास्त घाबरलेला एक तरुण.

"को... कोण?"

"मेमरी किती?" मी कसंबसं विचारलं.

आवाज ओळखून त्याचा चेहरा उजळला. "आभा मॅडम! चौसष्ट... तुमी मले भूत समजून राह्यल्या का?"

"बंद जिनिंगचे रिपोर्ट का पाठवता?"

त्यानं प्रिंटरमधला कागद ओढून घेतला. "दर सोमवारी तेवढा येतो मी. मशीन बंद पडली असती, तं तुमचा फोन कायले आला असता?" मग हळूच म्हणाला, "पण आता खोडा. माह्यापायी तुमचं काम नका अडवू."

मी परतले. चौसष्ट खोडलं, दोनशे छप्पन लिहिलं. डोळे पुसत लिहिलं.

पुढचा सोमवार. चार वाजले. फोन गप्प. चार वाजून दहा... ऑफिसातली ती शांतता त्या शेडपेक्षा भयाण होती. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

दारावर टकटक झाली.

तो उभा होता, एसटीच्या धुळीनं माखलेला. हातात घडी घातलेला कागद.

"रिपोर्ट आणला. वजन शून्य." त्यानं कागद पुढं केला. "मॅडम... दर सोमवारी आलो तं चालंन?"

"आठवडाभर वाट बघायला लावणार?" मी म्हटलं, आणि त्याच्या केसांतला कापूस काढला.